नातवाची एकादशी



आवाज बसला आणि कीर्तन थांबले, त्याला आता सहा वर्षे होत आली. त्याआधी पंचेचाळीस वर्षे भुदरगड, राधानगरी, आजरा, कागल या तालुक्यांतल्या सप्ताहांत ही सेवा घडली. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे चार वर्षे राहून जे कानावर पडले, त्याच शिदोरीवर मी उभा राहिलो. माझे स्वतःचे त्यात काही नव्हते. आज लिहितो आहे ते मात्र पोथीतले नाही, गारगोटीच्या आमच्या घरातले आहे. आणि विषय असा, की नारदाच्या गादीवर उभे राहून मी तो कधी काढला नसता. विषय मूत्रपिंडाचा आहे.

कीर्तनात देहावर बोलताना माझा एक ठरलेला भाग असे. हा देह म्हणजे मलमूत्राची पिशवी, हिचा मोह कसला, असे म्हणून मी उपरणे झटकायचो आणि मंडळी माना डोलवायची. शेकडो वेळा बोललो असेन. त्या बोलण्याचा हिशेब मला सत्तरी ओलांडल्यावर द्यावा लागला.

माझा थोरला नातू बाराव्या वर्षी पखवाजाला बसला. धुमेला कणीक किती लावायची हे त्याला कोणी शिकवले नाही, बोटांनाच कळत होते. माझ्या शेवटच्या दहा वर्षांच्या कीर्तनांना साथ त्याचीच. पुढे आयटीआय करून गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत लागला. भट्टीसमोर आठ-आठ तास उभे राहायचे, घाम गाळायचा, आणि काम सोडून सारखे पाण्याला कसे जायचे म्हणून तहान मारायची. रविवारी घरी आला की हरिपाठाला पखवाज घेऊन हजर. वारीला मात्र दरवर्षी रजा काढून यायचा. आमची दिंडी गारगोटीहून थेट पंढरपूरला जाते, दोनशे किलोमीटरच्या वरची चाल.

तो चोवीस वर्षांचा होता त्या वर्षीच्या वारीत संध्याकाळी त्याचे पाय सुजायचे. बोट दाबले की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. मी म्हटले, चालून चालून येते सूज, सगळ्यांनाच येते. दिंडीत माझ्याकडे एक पत्र्याची डबी असे. अंगदुखीच्या गोळ्यांची. कुणाचे गुडघे धरले, कुणाची कंबर आखडली की मी एक गोळी हातावर ठेवायचो. लोक प्रसादासारखी घ्यायचे. नातवाला त्या वारीत मी रोज एक, कधी दोन दिल्या. सकाळी लघवीला फेस येतो, हे त्याला दिसत होते. असले काय आजोबांना सांगायचे म्हणून तो बोलला नाही.

दिवाळीनंतर त्याचे अन्न सुटले. सकाळी ओकारी, अंगाला खाज, चेहरा हळदीने पुसल्यासारखा फिकट. गारगोटीतल्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला तो १९० आणि ११०. चोवीस वर्षांच्या पोराचा! त्यांनी तो दुसऱ्या हातावर पुन्हा पाहिला. रक्त तपासले. क्रिएटिनिन म्हणून एक आकडा असतो, तो एकच्या आसपास असावा लागतो. त्याचा अकरा होता. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात सोनोग्राफी झाली आणि दोन्ही मूत्रपिंडे आक्रसून बारीक झालेली निघाली.

तिथले मूत्रपिंडाचे डॉक्टर सुस्वभावी होते. म्हातारा माणूस सारखा प्रश्न विचारतो म्हणून चिडले नाहीत. त्यांनी जे सांगितले ते मी आपल्या भाषेत मांडतो. दिंडीत मुक्कामावर बायका शिधा निवडायला बसतात. तांदूळ ठेवायचे, खडा टाकायचा. तसे एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख निवडणारे बसलेले असतात. दिवसभरात ते १८० लिटर पाणी रक्तातून गाळून काढतात, कामाचे सगळे परत रक्तात घालतात आणि दीड-दोन लिटर तेवढे लघवी म्हणून बाहेर टाकतात. यातले काही उठून गेले तर उरलेले त्यांचेही काम ओढतात. म्हणून बाहेर काही कळत नाही. निम्मे गेले तरी माणूस चालतो, जेवतो, पखवाज वाजवतो. दहातला एखादा उरतो तेव्हा घर हादरते. माझा नातू त्या टोकाला पोचल्यावर आम्ही त्याला तिथे नेले होते.

मी विचारले, कशाने झाले? ते म्हणाले, आता सांगता येणार नाही. एवढ्या आक्रसलेल्या मूत्रपिंडाचा तुकडा काढून पाहणे धोक्याचे, आणि पाहून उपयोगही नाही. उतारवयात बहुधा साखर किंवा रक्तदाब हे कारण असते. तरुणांत गाळणीलाच सूज येते, लहानपणापासून लघवी उलटी चढत असते, खडे असतात, काही घराण्यांतून येते. आणि कितीतरी तरुण असे येतात की यातले काहीच सापडत नाही. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत ऊस तोडणारे तरुण मजूर या रोगाने गेले. आपल्याकडे आंध्रात श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम भागात आणि श्रीलंकेच्या भातशेतीच्या मुलखातही हेच दुखणे आहे. उन्हातले कष्ट, अंगातले पाणी आटणे, पिण्याचे पाणी, शेतातली औषधे अशा अनेक गोष्टींवर संशय घेतात. एक कारण अजून ठरलेले नाही. ऊस म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे बिद्रीच्या कारखान्याला जाणाऱ्या आमच्याच गाड्या आल्या.

मग मी खिशातली पत्र्याची डबी काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी गोळ्यांची नावे वाचली. म्हणाले, "महाराज, एवढ्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. आणि यांनी काहीच केलं नाही असंही म्हणणार नाही. आधीच अशक्त झालेलं मूत्रपिंड, वर ऊन, तहान, आणि ही गोळी रोज." मी डबी परत घेतली नाही.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले. डाव्या हातात शीर आणि रोहिणी जोडून फिस्टुला केला. त्यावर बोट ठेवले की सारखी थरथर लागते, पखवाजावर थाप पडून गेल्यावर पुडी हलत राहते तशी. सोमवार आणि गुरुवार. पहाटेची एसटी धरायची, चार तास यंत्राला जोडून राहायचे, अंधार पडता परत. माझ्या तरुणपणी, १९७५ साली, जयप्रकाश नारायण यांना मुंबईत जसलोक रुग्णालयात डायलिसिसवर ठेवले होते, तेव्हा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तो मोठ्या माणसांचा उपाय असे वाटले होते. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो शेतकऱ्याच्या पोराला मिळतो, हे खोटे कशाला बोलू? पण योजना यंत्राचे पैसे देते. नोकरी गेली ती गेली. रक्त वाढायची इंजेक्शने, बरोबर जाणाऱ्याचा बुडालेला दिवस, जेवणखाण हे सगळे घरातून. शेजारच्या खाटेवर एक ऊसतोड कामगार होता, तिशीतला. तो आठवड्यातून एकदाच यायचा, कारण दुसऱ्या खेपेला बरोबर यायला कोणी नसे. एका गुरुवारी त्याची खाट रिकामी होती. नातवाने विचारले, कोणी उत्तर दिले नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो.

त्या पुढची आषाढी आली. दिंडी गेली, आम्ही दोघे मागे राहिलो. एकादशीला आमच्या घरात पन्नास वर्षांत कोणी भाताचे शीत तोंडात घातलेले नाही. कोणी नातवाला उपवास कर म्हटले नाही, करू नको असेही म्हटले नाही. पायी जाता आले नाही, निदान एकादशी तरी घडावी म्हणून त्याने ती धरली. सकाळी दोन केळी खाल्ली. दुपारी रताळ्याचा कीस आणि शेंगदाण्याचा लाडू. अशक्तपणा आहे म्हणून मीच शेजारच्या पोराला पाठवून शहाळे आणवले आणि माझ्या हाताने त्याला पाजले.

रात्री नऊला तो उठायला गेला आणि पाय उचलेनात. छातीत फडफडतेय म्हणाला. वडापची जीप केली. मुदाळतिट्ट्यापर्यंत बोलत होता, बिद्रीच्या पुढे गप्प झाला. त्याचे डोके माझ्या मांडीवर होते. मी नाम घेत होतो, पण मला आठवते, मधेच नाम सुटायचे आणि मी त्याच्या हातावरची थरथर चाचपायचो.

रुग्णालयात हृदयाचा आलेख काढल्याबरोबर धावपळ झाली. इंजेक्शने दिली आणि रात्रीच यंत्राला जोडले. पहाटे डॉक्टर बाहेर आले. "काय खाल्लं होतं?" मी म्हटले, "काही नाही, उपवास होता." त्यांनी एकेक पदार्थ विचारून घेतला आणि खुर्चीवर बसले. म्हणाले, पोटॅशियम नावाचा क्षार असतो, जास्त झालेला तो मूत्रपिंड बाहेर टाकते. ते बंद पडले की तो रक्तात साठतो आणि हृदय थांबवतो. केळे, रताळे, बटाटा, शेंगदाणे, खजूर, शहाळ्याचे पाणी, या सगळ्यांत तो भरपूर. "महाराज, तुमच्या उपवासाचं ताट आणि माझ्याकडची मनाईची यादी एकच आहे." यंत्रावरच्या माणसाला त्या मानाने भात सोसतो. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचे. सैंधव मीठ हेही मीठच. आणि कमी सोडियमचे म्हणून जे मीठ दुकानात मिळते त्यात पोटॅशियमच घातलेले असते, ते तर अजिबात नको. पाणीसुद्धा मोजून, दिवसाला लिटरभर.

आजारी माणसाला उपवासाची सक्ती शास्त्रात नाही, हे मला पाठ होते. लोकांना सांगितलेही होते. घरच्या पोराला सांगायचे राहिले. का राहिले याचा मी पुष्कळ विचार केला. माझ्या मनात कुठेतरी असे होते, की हे व्रत त्याला तारेल. आणि त्याहून खाली असे, की महाराजांच्या घरात एकादशी मोडली असे कोणी म्हणू नये.

पंधरा दिवसांनी पुढची एकादशी आली. मी सूनबाईंना भात लावायला सांगितला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हटले, लावा. ताट मी वाढले, पांडुरंगाच्या तसबिरीपुढे ठेवले आणि मग नातवापुढे. त्याने हात लावला नाही. "आबा, तुमी उपाशी आणि मी भात खाऊ?" तेव्हा मी त्याला कुर्मदासांची कथा सांगितली. पैठणचे कुर्मदास, हातपाय नसलेले, पोटावर सरपटत पंढरीला निघाले. लऊळपर्यंत आले आणि पुढे शरीर चालेना. एकादशी चुकली. देव स्वतः लऊळला आले. आजही तिथे कुर्मदासांचे मंदिर आहे. ही कथा मी अनेकदा सांगितली होती, पण देव कुर्मदासांच्या सरपटण्यावर भुलला असेच सांगायचो. त्या दिवशी मला दुसरी बाजू दिसली. जिथे शरीर थांबले तिथे देव आला, आणि अजून पुढे का आला नाहीस असे त्याने विचारले नाही. नातवाने भात खाल्ला. शेवटचे दोन घास रडत खाल्ले.

यंत्रावर माणूस वर्षे काढतो, पण तरुण पोराला खरा उपाय दुसऱ्याचे मूत्रपिंड. अमेरिकेत बोस्टनला १९५४ साली ते पहिल्यांदा यशस्वी झाले, एका जुळ्या भावाने दुसऱ्याला दिले. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने आईवडील, भावंडे, मुले, नवरा-बायको देऊ शकतात. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबाही त्यात आले. मी लगेच पुढे झालो. डॉक्टरांनी माझे वय आणि माझी साखर पाहून हात जोडले.

मग सगळ्यांच्या नजरा सूनबाईंकडे गेल्या. कोणी बोलले नाही, गेल्या एवढेच. त्या म्हणाल्या, "मामा, पोटात हुतं तवा त्येचं सगळं मीच बगत हुतो न्हवं? मी देतो की." पण नातू अडून बसला. मला म्हणाला, "आबा, तुमी पुंडलिकाचं आख्यान लावता. आईबापाची सेवा करा म्हणून सांगता. आणि मी आईचं अंग चिरून घिऊ?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या शंकांना उत्तरे दिली, या प्रश्नाला माझ्याकडे प्रमाण नव्हते. मी एवढेच म्हणालो, सेवा नेहमी लेकरानेच करायची असे पुंडलिकाने सांगितलेले नाही; आज सेवा आईची चालली आहे, तिचा हात धरू नकोस. त्याला ते पटल्यासारखे दिसले. मला रात्री झोप आली नाही. कारण सूनबाईंना कोणी विचारलेच नव्हते. माझ्या मुलाला तर नाहीच नाही. कर्ता माणूस, शेत कोण बघणार, असे न बोलता ठरले होते, आणि घरातला वडील माणूस म्हणून ते ठरू देणारा मी होतो. डॉक्टर म्हणाले होते, जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत आपल्या देशात बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. हे ऐकून मी मान हलवली होती, आमच्याच घराचे बोलणे आहे हे ध्यानात न येता.

सकाळी मुलाला जवळ बसवून म्हटले, तूही तपासून घे. तो काही न बोलता गेला. रक्तगट जुळला, पण त्याचाही रक्तदाब १७० निघाला. पन्नास वर्षांचा माणूस, एकदाही तपासलेला नाही. त्याचे मूत्रपिंड घेता येणार नव्हते, पण त्याच्या गोळ्या त्या दिवसापासून सुरू झाल्या. कदाचित त्यामुळे त्याची दोन्ही शाबूत राहतील. नंतर मी सूनबाईंपाशी गेलो आणि विचारले, तुमची खरी इच्छा आहे का? नाही म्हणालात तरी या घरात तुमचा मान आहे तोच राहील. त्या म्हणाल्या, "आदी इचारलं असतं तरी हेच बोललो असतो, मामा. पर इचारलं ते बरं केलं."

माघात शस्त्रक्रिया झाली. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. दुपारी एक परिचारिका आली आणि म्हणाली, "आजोबा, लघवी सुरू झाली. टेबलावरच सुरू झाली." माउली, मी उठलो आणि तिला हात जोडले. पंचेचाळीस वर्षे जिला मलमूत्राची पिशवी म्हणून झटकले, तिच्यातून दोन थेंब आले म्हणून मी रडत होतो. सूनबाई शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांचा पहिला प्रश्नही तोच, "झाली का त्याला?"

देह नाशवंत आहे हे संतांचे सांगणे खरेच आहे, मी कोण ते बदलणारा. पण नाशवंत आहे म्हणून टाकाऊ आहे, हे मी माझ्या पदरचे घातले होते. पखवाजाची शाईही झिजणारीच असते, तरी आपण ती भिजू देत नाही, दर सप्ताहाआधी वादी ओढून घेतो, कारण भजन त्याच्यावर चालायचे असते.

आता नातवाला औषधे जन्मभर, सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी, एकही वेळ न चुकता. नाहीतर शरीर ते मूत्रपिंड परके म्हणून टाकते. पहिले वर्ष गर्दीत जायला मनाई होती. आता डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला सांगितले आहे. घरी आल्यावर त्याने पहिल्यांदा तांब्याभर पाणी एका दमात प्यायले, तेव्हा घरातली सगळी माणसे काम टाकून बघत उभी होती.

ज्याला देणारे कोणी नाही त्याला मेलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाची वाट पाहावी लागते, आणि ती वाट फार लांब आहे. देह अखंडच अग्नीला द्यावा असे मीही कधीकाळी बोललो आहे. दधीची ऋषींनी अस्थी दिल्या ती कथा सांगून झाल्यावर बोललो आहे, म्हणजे पाहा. मी अवयवदानाचा अर्ज भरला. या वयात बाकीचे कितपत उपयोगी पडेल सांगता येत नाही, डोळे मात्र घेता येतील म्हणाले. सही केली तेवढ्याने भागत नाही, वेळेला होकार घरच्यांना द्यावा लागतो. म्हणून मुलाला आणि सूनबाईंना समोर बसवून सांगून ठेवले आहे.

दिंडीचालक माउलींना माझी विनंती आहे. आषाढीला निघण्याआधी आपल्या दिंडीतल्या सगळ्यांचा, विशेषतः तरुण पोरांचा, रक्तदाब बघून घ्या आणि लघवीची साधी तपासणी करून घ्या. गावच्या आरोग्य केंद्रात ती होते, फार खर्चाची नाही. संध्याकाळी कुणाच्या पायावर बोटाचा खड्डा राहिला, सकाळी डोळे सुजले, लघवीला फेस आला, तर त्याला चालण्याची सूज म्हणू नका. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्या हातावर ठेवू नका. निरोग्याने चालताना पाणी पीत राहावे. आणि आपल्यात कोणी यंत्रावरचा असेल तर एकादशीला त्याच्या ताटात डॉक्टरांनी सांगितलेले अन्न आपण स्वतः वाढा. वडील माणसाने वाढल्याशिवाय तो ते खाणार नाही.

यंदाच्या आषाढीला आम्ही नंदवाळला गेलो. कोल्हापूरकरांचे ते प्रतिपंढरपूर. गर्दी ओसरल्यावर संध्याकाळी गेलो, नातवाच्या तोंडाला फडके बांधलेले. देवळात एक भजनी मंडळ बसले होते, त्यांचा पखवाजी चहाला उठला होता. नातवाने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्याने डावा हात जपून धुमेवर ठेवला, आणि मी खूप दिवसांनी, बसलेल्या आवाजात का होईना, त्याच्या ठेक्यावर नाम घेतले.

राम कृष्ण हरी.